हवा किती, मोड कोणता? पहिल्या ट्रॅक-डेच्या दोन प्रश्नांचा इतिहास



गेले काही आठवडे तुमच्यापैकी बरेच जण एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पाठवताय. "पहिल्यांदा ट्रॅक-डेला चाललोय. टायरमध्ये हवा किती ठेवू? आणि मोड कोणता लावू?"

याचं उत्तर दोन आकडे आणि एक शब्द एवढ्यात देता येतं. पण असंच उत्तर खिशात घालून मीही एकदा पुण्याहून चेन्नईला गेलो होतो, आणि त्या दुपारी माझी गाडी ट्रॅकशेजारच्या मातीत आडवी पडली होती. त्यामुळे आज उत्तर देणार आहे, पण शेवटी. आधी हे दोन प्रश्न आले कुठून ते बघू. कारण हवेचा आकडा आणि मोडचं बटण यांच्यामागे सव्वातीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो कळला की आकडा पाठ करायची गरज उरत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एक वाक्य. ट्रॅक-डे म्हणजे रेस नव्हे. बंद ट्रॅक, समोरून कोणी येणार नाही, कुत्रं नाही, खड्डा नाही, अनुभवाप्रमाणे गट पाडलेले, आणि पंधरा-वीस मिनिटांची एकेक फेरी. शिकायला जायचं असतं. हे मीही विसरलो होतो.

बुरीराममध्ये पुढचा माणूस थांबला का?

सुरुवात अलीकडच्या गोष्टीने करू. २ मार्च २०२५. थायलंडमधला बुरीरामचा ट्रॅक, मोटोजीपीच्या मोसमाची पहिली रेस. मार्क मार्केझ डुकाटीच्या मुख्य टीमकडून पहिल्यांदाच उतरलेला. तो पुढे होता, आरामात होता. आणि सातव्या लॅपला त्याने अचानक वेग कमी केला आणि सख्ख्या धाकट्या भावाला, अलेक्सला, पुढे जाऊ दिलं.

बघणाऱ्यांना वाटलं, गाडी बिघडली. बिघडली नव्हती. त्याच्या पुढच्या टायरमधली हवा कमी पडत होती.

त्या मोसमातला नियम असा होता की पुढच्या टायरचं प्रेशर १.८ बारच्या खाली जाता कामा नये, म्हणजे आपल्या भाषेत सुमारे २६ पीएसआय. मुख्य रेसच्या किमान ६० टक्के लॅप्स ते या रेषेच्या वर राहायला हवं. नाही राहिलं तर १६ सेकंदांची शिक्षा. हवा रेसच्या मध्यात भरता येत नाही. मग वाढवायची कशी? दुसऱ्याच्या मागे जाऊन. समोरच्या गाडीच्या मागे गरम हवा असते, स्वच्छ वारा कमी लागतो, टायर तापतो, आतली हवा तापते, प्रेशर चढतं. मार्केझ भावाच्या मागे बसून राहिला, टायर तापवला, आणि तीन लॅप्स उरल्या असताना पुढे जाऊन रेस जिंकला.

पुढच्याच महिन्यात कतारमध्ये मॅव्हरिक विन्यालेस दुसरा आला. त्याचं प्रेशर कमी भरलं. १६ सेकंद वाढले आणि दुसऱ्या नंबरचा माणूस चौदावा झाला.

जगातले सगळ्यात भारी इंजिनिअर दिमतीला असताना ही अवस्था. कारण टायरमधली हवा ही भरून विसरायची गोष्ट नाही. गाडी कशी चालवली जातेय त्याप्रमाणे ती बदलते. हे वाक्य लक्षात ठेवा, माझ्या मातीतल्या दुपारी ते परत येणार आहे.

ऐकू न येणाऱ्या माणसाचे दोन नियम

आता थेट पॅरिस, १६९९. गिओम आमोंताँ नावाचा एक संशोधक होता. लहान वयातच त्याची श्रवणशक्ती गेली होती. उपकरणं बनवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तापमापक, वायुभारमापक वगैरे.

या एका माणसाने दोन गोष्टी सांगितल्या, आणि गंमत म्हणजे दोन्ही आपल्या टायरला लागू होतात. एक बरोबर लागू होते, एक चुकीची.

पहिली गोष्ट हवेची. बंद भांड्यातली हवा तापवली की तिचा दाब ठरावीक प्रमाणात वाढतो. साध्या थंड हवेपासून पाणी उकळायच्या तापमानापर्यंत गेलं तर दाब साधारण एक तृतीयांशाने वाढतो, असं त्याला दिसलं. टायर म्हणजे दुसरं काय, बंद भांडंच.

थोडं गणित करू, घाबरू नका. सकाळी ३० अंश तापमानात तुम्ही ३३ पीएसआय भरलंत. गेज जे दाखवतं ते बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा किती जास्त, एवढंच. बाहेरचा दाब साधारण १४.७. म्हणजे आत खरे ४७.७ आहेत. गाडी पळवली, आतली हवा ६५ अंशांवर गेली. तापमान केल्व्हिनमध्ये मोजलं तर ३०३ चे ३३८ झाले, म्हणजे साडेअकरा टक्क्यांनी वाढ. ४७.७ चे झाले ५३.२. त्यातून बाहेरचे १४.७ वजा केले की गेजवर दिसणार साडेअडतीस. तुम्ही एक फुंकरही न मारता साडेपाच पीएसआय वाढले.

उलट बाजूही बघा. तुम्ही नवीन आहात, हळू चालवताय, टायर ४५ अंशांच्या वर गेलाच नाही, तर ३३ चे फक्त साडेपस्तीस होतील. तीच गाडी, तोच आकडा, दोन वेगळी माणसं, दोन वेगळी प्रेशर्स.

आमोंताँची दुसरी गोष्ट घर्षणाची. तो म्हणाला, घर्षण वजनावर अवलंबून असतं, दोन वस्तू किती जागेवर टेकल्यात त्यावर नाही. शाळेत आपण हेच शिकलो. लाकूड, लोखंड यांना ते बऱ्यापैकी लागू पडतं.

रबर मात्र हा नियम पाळत नाही. रबर मऊ आहे. ते डांबराच्या बारीक खाचांमध्ये शिरतं, चिकटतं, दबतं आणि परत उसळतं. म्हणून रबराला जागा लागते. टायर रस्त्याला टेकतो तो ठिपका मोटरसायकलच्या बाबतीत आपल्या तळहातापेक्षाही लहान असतो. हवा जास्त झाली की टायर फुगतो, ठिपका आणखी लहान होतो, पकड जाते. हवा फार कमी झाली की टायरचा सांगाडाच लुळा पडतो, हँडल वळवलं तरी गाडी उशिरा वळते. आणि तशीच जोरात दामटली तर रबर नको तितकं वाकून वाकून तापतं. म्हणजे "कमी हवा म्हणजे जास्त ग्रिप" हे जे आपण चहाच्या टपरीवर ऐकतो, ते अर्धंच खरं आहे.

बागेतली बग्गी आणि बेलफास्टची तीनचाकी

हवेचा टायर कोणी शोधला? बहुतेक जण म्हणतील डनलॉप. मीही तेच म्हणत होतो.

खरं तर १८४५ मध्ये रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश तरुणाने हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता, म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या वयाचा. रबर लावलेल्या कापडाची नळी, तिच्यात हवा, आणि वरून चामड्याचं आवरण. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याने घोडागाडीला ही चाकं लावून दाखवली. गाडी हलकी ओढली जायची, आवाज तर जवळजवळ नाहीच.

पण तेव्हा ना सायकल नीट जन्मली होती ना मोटार. चांगलं पातळ रबर महाग. कल्पना बाजूला पडली. पुढे थॉमसन वाफेवर चालणारी रस्त्यावरची इंजिनं बनवायला लागला आणि त्यांना त्याने लावले भरीव रबराचे टायर. ही इंजिनं आपल्याकडेही आली. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला रूक्स क्रॉम्प्टन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने ती उत्तरेत ग्रँड ट्रंक रोडवर चालवली. हो, तुमच्या घरातल्या पंख्यावर जे 'क्रॉम्प्टन' लिहिलंय, ते नाव याच माणसाचं. म्हणजे हवेचा टायर शोधणाऱ्याचं रबर भारतात पहिल्यांदा धावलं, तेव्हा त्यात हवाच नव्हती!

मग चाळीसेक वर्षं गेली. १८८७. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाचे एक जनावरांचे डॉक्टर होते. मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार धडधडते म्हणून त्यांनी रबरी नळीत हवा भरून चाकावर बसवली. १८८८ मध्ये पेटंट घेतलं. थॉमसनचं नावही त्यांना माहीत नव्हतं. दोनेक वर्षांत ते पेटंट रद्द ठरलं, कारण थॉमसनचं आधीचं होतं.

पण रेसने निकाल लावला. १८ मे १८८९ ला बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर सायकल शर्यती होत्या. विली ह्यूम नावाचा सायकलपटू हे जाडजूड फुगलेले टायर लावून आला. लोक हसले. त्याने त्या दिवशी भाग घेतलेल्या चारही शर्यती जिंकल्या. हरलेल्यांमध्ये हार्वे द्यू क्रो नावाच्या एका व्यापाऱ्याची मुलं होती. बापाने काय केलं? ज्या टायरने मुलांना हरवलं, त्याच टायरची कंपनी काढण्यात पुढाकार घेतला.

तेव्हापासून टायर आणि रेस यांचं नातं असंच आहे. रस्त्यावर प्रश्न पडतो, उत्तर ट्रॅकवर सापडतं, आणि ते परत रस्त्यावर येतं. १९६९ मध्ये आइल ऑफ मॅनवर माल्कम अपहिलने ट्रायम्फ बॉनव्हिलवर ताशी शंभर मैलांच्या सरासरीने एक लॅप मारली, म्हणजे १६० किलोमीटरच्या वर. दुकानात मिळणाऱ्या प्रकारच्या गाडीवर हे पहिल्यांदाच झालं. त्याच्या गाडीला डनलॉपचे के८१ टायर होते. कंपनीने मग त्या टायरचं नावच टीटी१०० ठेवलं.

आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी रिकामी पडली होती. तिच्यावर १९५० च्या दशकापासून रेस व्हायला लागल्या. त्याच शहरात १९४६ मध्ये के. एम. मामेन मापिल्लै यांनी फुगे बनवायचा छोटा उद्योग सुरू केला. फुगे! त्याचीच पुढे एमआरएफ झाली. आणि १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईला खास रेसिंगसाठी बांधलेला ट्रॅक सुरू झाला, सुमारे ३.७ किलोमीटरचा. मी पडलो तो इथेच.

मटकीला मोड, मग गाडीला मोड

आता दुसरा प्रश्न. मोड.

आपल्याकडे मोड मटकीला यायचे. गाडीला यायला लागले ते अगदी अलीकडे. त्याआधी मोड एकच होता, उजवं मनगट. मूठ पिळली की केबल ओढली जायची, कार्ब्युरेटर उघडायचा, इंजिन भरायचं. किती पिळायचं ते तुमची अक्कल ठरवायची. पावसात अक्कल कमी पडली तर रस्ता शिकवायचा.

गाड्यांची ताकद वाढत गेली तसं मनगट कमी पडायला लागलं. पाचशे सीसीच्या टू-स्ट्रोक रेसिंग गाड्या तर यासाठी बदनाम होत्या. कॉर्नरमधून बाहेर पडताना मागचा टायर सुटायचा, पुन्हा अचानक पकडायचा, आणि चालवणारा उडून पुढे पडायचा.

१९९२ मध्ये होंडाने यावर एक भन्नाट उपाय काढला. त्यात कॉम्प्युटर नव्हता. एनएसआर५०० च्या चारही सिलिंडरचे स्फोट त्यांनी जवळजवळ एकत्र आणले. सलग बारीक ढकलण्याऐवजी एक मोठा धक्का आणि मग शांतता. त्या शांततेत टायरला सावरायला, रस्ता पुन्हा पकडायला क्षणभर मिळायचा. याला 'बिग बँग' इंजिन म्हणतात. त्या मोसमात मिक डूहनने पहिल्या चारही रेस जिंकल्या.

मला वाटतं, मोडचा खरा पूर्वज हाच. कारण कल्पना तीच होती, टायरला वेळ द्यायचा.

मग आली इलेक्ट्रॉनिक्स. १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूने के१०० वर एबीएस आणलं होतं. २००६ च्या यामाहा आर६ मध्ये मूठ आणि इंजिन यांच्या मधे कॉम्प्युटर बसला. तुम्ही मूठ पिळता, म्हणजे फक्त विनंती करता. थ्रॉटल किती उघडायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. २००७ च्या सुझुकी जीएसएक्स-आर१००० मध्ये ए, बी, सी असे तीन पर्याय आले. २००८ च्या डुकाटी १०९८आर वर ट्रॅक्शन कंट्रोल आलं. आणि त्यानंतर लगेच आलेल्या बीएमडब्ल्यू एस१०००आरआर मध्ये रेन, स्पोर्ट, रेस आणि स्लिक असे चार मोड होते. गंमत बघा, स्लिक मोड नुसत्या बटणावर मिळत नव्हता. त्यासाठी वेगळा प्लग लावावा लागायचा. म्हणजे बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवलं होतं की हा शेवटचा मोड सहज हात लागेल असा ठेवायचा नाही.

आपल्या बजेटमध्ये हे २०२० मध्ये आलं. टीव्हीएस अपाचे आरआर ३१० ला अर्बन, रेन, स्पोर्ट, ट्रॅक असे चार मोड मिळाले. स्पोर्ट आणि ट्रॅकला ३४ पीएस, अर्बन आणि रेनला २५.८ पीएस. २०२४ मध्ये पुण्याच्या बजाजने पल्सर एनएस४००झेड आणली, तिच्यातही रोड, रेन, स्पोर्ट आणि ऑफरोड आले.

पण मोड म्हणजे नुसती ताकद नाही. बहुतेक गाड्यांत मोड बदलला की मुठीचा प्रतिसाद, ट्रॅक्शन कंट्रोलची जागरूकता आणि एबीएस किती लवकर मधे पडणार, यातलं काही ना काही बदलतं. रेन मोड घाबरट आईसारखा, लगेच हात धरतो. ट्रॅक मोड म्हणतो, "तुला येतंय ना? मग मी मधे पडत नाही."

येतंय का, हा प्रश्न तो विचारत नाही. गृहीत धरतो.

माझी दुपार

तर झालं असं. रायडिंग ग्रुपवर मी विचारलं, हवा किती? एका दादाने लगेच उत्तर दिलं, "२४ ठेव." दादा अनुभवी, दहा-बारा ट्रॅक-डे केलेला. मी पुढे-मागे दोन्हीकडे थंड टायरमध्ये २४ ठेवली. माझ्या गाडीच्या स्टिकरवर पुढे २९ आणि मागे ३३ लिहिलं होतं. मला वाटलं, ते घाबरट लोकांसाठी. आणि मोड? ट्रॅकवर चाललोय, तर ट्रॅक मोड. एवढी साधी गोष्ट.

पहिल्या फेरीत गाडी विचित्र वाटली. हँडल वळवलं की गाडी क्षणभर विचार करायची आणि मग वळायची. मला वाटलं, ग्रिप ग्रिप म्हणतात ती हीच. दुसऱ्या फेरीत जरा धीर आला. एका उजव्या कॉर्नरला उशिरा ब्रेक मारला, घाबरून दोन गिअर एकदम खाली टाकले आणि मागचा ब्रेक दाबून धरला. ट्रॅक मोडमध्ये माझ्या गाडीचं मागचं एबीएस जवळपास गप्प असायचं, हे मी कधी वाचलंच नव्हतं. मागचं चाक लॉक झालं, शेपूट हलली, मी ब्रेक सोडला, गाडी झटक्यात सरळ झाली आणि कॉर्नर राहिला बाजूला. मातीत गेलो आणि अगदी हळू वेगात पडलो. क्लच लिव्हर तुटला. डावं मनगट पंधरा दिवस सुजलेलं होतं. घरी "ऑफिसच्या कामाला चाललोय" सांगून गेलो होतो. आई फोनवर म्हणाली, "आवाज का असा येतोय तुझा?" त्यावर मी काय बोललो ते सांगत नाही.

पिटमध्ये एक वयस्कर प्रशिक्षक होते, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी मनगट पाहिलं, हेल्मेट पाहिलं, मग खिशातून स्वतःचं गेज काढून माझ्या पुढच्या टायरला लावलं. २६.

"किती भरली होती?"

"चोवीस, अण्णा."

"कोणी सांगितलं?"

मी सांगितलं. ते हसले. "त्याने त्याला स्वतःला लागते ती सांगितली. बरोबरच सांगितली असणार. त्याला हे विचारलंस का की कुठला टायर, थंड की गरम, पुढचा की मागचा?"

त्याच संध्याकाळी दादाला फोन केला. त्याचे २४ होते रेसिंगच्या टायरसाठी, फक्त मागच्या, आणि तेही टायर-वॉर्मरवरून गरमागरम काढल्यानंतर मोजलेले. दादा बिचारा कळवळला. "अरे, तू विचारलंस तेव्हा मला वाटलं तुला माहितीये!" चूक त्याची नव्हती. आकडा ग्रुपवर एका सेकंदात पोचला. त्याच्याबरोबरची परिस्थिती मी मागवलीच नाही.

अण्णांनी आणखी एक गोष्ट समजावली. "पडलास तो ब्रेकमुळे आणि गिअरमुळे. टायर आणि मोडने पाडलं नाही. पण चूक पोटात घालायला जी जागा असते ना, ती तू आधीच काढून टाकली होतीस."

आणि बुरीराम आठवतंय? मार्केझचं प्रेशर चढत नव्हतं कारण तो एकटा, थंड वाऱ्यात होता. माझं चढलं नाही कारण मी नवखा होतो. टायर तापवण्याइतकं मला चालवताच येत नव्हतं. ज्या आकड्याला गरम टायर लागतो, तो आकडा मी थंड टायरवर थंड हाताने वापरत होतो.

लिव्हर कुणाकडून तरी मिळाला. मनगटाला पट्टी बांधून, अण्णांच्या परवानगीने, शेवटच्या फेरीत हळूहळू गेलो. पुढे स्टिकरप्रमाणे २९, मागे ३० आणि मोड रेन. आल्याबरोबर मोजलं, पुढे ३२, मागे ३४. आणि काय सांगू, गाडी एकदम ओळखीची वाटली. वेग कमी होता की नव्हता माहीत नाही, पण पहिल्यांदाच मला ट्रॅक दिसला. त्याआधी मला फक्त स्वतःची भीती दिसत होती.

तर आता उत्तर

वर सांगितलेले आकडे माझ्या गाडीचे आणि माझ्या टायरचे आहेत. ते उचलू नका, नाहीतर एवढी गोष्ट सांगून काय उपयोग? पद्धत उचला.

हवेचं असं करा. स्वतःचं गेज घ्या, पंपावरच्या मशीनवर विसंबू नका. सकाळी, गाडी चालवायच्या आधी, सावलीत, थंड टायरवर मोजा. सुरुवात गाडीच्या स्टिकरपासून करा. तुमचा टायर बनवणाऱ्या कंपनीने त्याच टायरसाठी ट्रॅकचा वेगळा आकडा दिला असेल, तर तो बघा आणि तो थंडचा आहे की गरमचा हे नीट वाचा. एक फेरी मारून या आणि हेल्मेट काढायच्या आधी गरम प्रेशर मोजून वहीत किंवा फोनमध्ये लिहा. फार चढलं असेल तर एक-एक पीएसआय कमी करा, एकदम पाच नाही. ऊन वाढलं की परत मोजा, कारण सकाळी आठ आणि दुपारी दोन हे दोन वेगळे ट्रॅक असतात. आणि परत रस्त्याला लागायच्या आधी टायर थंड झाल्यावर हवा स्टिकरवर आणा. घरी जायचा रस्ता ट्रॅक नाही.

मोडचं असं करा. घरी बसून गाडीचं मॅन्युअल उघडा आणि प्रत्येक मोडमध्ये एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल नक्की काय करतं ते वाचा. नावावर जाऊ नका, कारण एका कंपनीचा 'ट्रॅक' दुसऱ्या कंपनीच्या 'ट्रॅक'सारखा नसतो. काही गाड्यांत त्या मोडला नुसता लॅप टायमर दिसतो, काहींत मागचं एबीएस ढिलं होतं. पहिल्या फेऱ्या रेन किंवा रोडवर मारा. ब्रेक कुठे मारायचा, नजर कुठे ठेवायची, हे जमायला लागलं की स्पोर्ट. ट्रॅक मोड पुढच्या वेळेसाठी ठेवला तरी ट्रॅक कुठे जात नाही. पावसाचा मोड ऊन असताना लावला म्हणून कोणी हसलं तर हसू द्या. १८८९ मध्ये बेलफास्टला विली ह्यूमच्या टायरवरही हसलेच होते.

आणि कोणी तुम्हाला आकडा दिला, अगदी मीही दिला, तर तीन प्रश्न विचारा. कुठला टायर? थंड की गरम? चालवणारा कोण?

पुढच्या महिन्यात मी परत चेन्नईला चाललोय. या वेळी आईला खरं सांगितलंय. ती म्हणाली, "हवा बघून जा." तिला म्हटलं, "कुठली, टायरमधली की बाहेरची?" तर म्हणाली, "दोन्ही."

तुमचा पहिला ट्रॅक-डे झाला असेल तर तुमची गोष्ट पाठवा, आकड्यांसकट आणि परिस्थितीसकट. पुढच्या भागात भेटू. तोवर गाडी जपून, आणि गेज खिशात.